सहाव्या प्रश्नाचं उत्तर

पद्मजा जाऊन चार महिने झाले, आणि मग तिची चूक निघाली. सांगायला अस्मिता मॅडमचा फोन आला.

अस्मिता मॅडम पद्मजाच्याच कॉलेजात, कॉम्प्युटर विभागात, तिच्या शेजारच्या टेबलावर बसायच्या. मनाने चांगल्या बाई. त्यांनी आधी महिपतीची तब्येत विचारली, जेवणाचं काय करता ते विचारलं आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अहो महिपतराव, एक सांगायचं होतं. बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. रविवारी आपल्याकडे प्रोग्रॅमिंगची स्पर्धा झाली. बत्तीस कॉलेजांची मुलं आली होती. त्यात सहावा प्रश्न मॅडमचा होता, आजारपणात काढून ठेवलेला. तो रद्द करावा लागला."

"का?"

"उत्तर चुकलं होतं हो. पण आम्ही सगळे हेच म्हणालो, शेवटी शेवटी केवढा त्रास काढला त्यांनी. एवढी कडक औषधं. अशात डोकं थाऱ्यावर राहतं का माणसाचं? तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"बरं," महिपती म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मनाला लावून घेऊ नका म्हणे. गॅसवरचा चहा उतू गेला होता, तो त्याने तसाच राहू दिला. अस्मिता मॅडमनी स्पर्धेच्या पानाची लिंक पाठवली होती, ती उघडून तो खिडकीशी उभा राहिला. सूचना इंग्रजीत होती. त्याने ती तीनदा वाचली. प्रश्न क्रमांक सहा रद्द करण्यात येत आहे. प्रश्नकर्त्यांनी दिलेल्या उत्तरात चूक होती. आणि खाली नाव, पद्मजा घुले, नावाच्या आधी 'लेट'. मग गैरसोयीबद्दल दिलगिरी.

त्याने पान वर-खाली करून पाहिलं. एकूण दहा प्रश्न होते. बाकीचे नऊ कोणी काढले ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. सहावा तिने काढला हेही आधी कुठे नव्हतं. चूक निघाली तेव्हा नाव आलं.

महिपती हा पुण्याजवळच्या मांजरी गावचा माणूस. आयटीआय करून हडपसरला पंपांच्या कारखान्यात लागला आणि एकतीस वर्षांनी मेंटेनन्सचा फोरमन म्हणून बाहेर पडला. पद्मजा बारावी होऊन घरात आली होती. पुढचं सगळं ती लग्नानंतर शिकली. सासूचं करून, स्वयंपाक करून, बसने जाऊन-येऊन. त्याला प्रोग्रॅमिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सहावा प्रश्न त्याला कळत होता, कारण तो त्याच्याच स्वयंपाकघरातल्या ओट्यावर निघाला होता.

घरातला मिक्सर जळाला होता. महिपती तो उघडून बसला होता आणि पद्मजा लसूण सोलत होती.

"अहो, हा किती रीतींनी उघडता येईल?" तिने विचारलं.

"एकाच. माझ्या."

"चेष्टा नको. खरं सांगा. आधी काय काढायचं?"

"आधी तळाचं झाकण. ते निघाल्याशिवाय काही निघत नाही. मग इकडे कार्बन ब्रश, ते काढले की आर्मेचर, मोटरचा फिरणारा भाग. तिकडे स्विच. त्याचा ह्यांच्याशी संबंध नाही, तो कधीही काढा."

तिने लसूण बाजूला ठेवला आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिलं. झाकण, ब्रश, आर्मेचर, स्विच. झाकण, ब्रश, स्विच, आर्मेचर. झाकण, स्विच, ब्रश, आर्मेचर. "तीन रीती," ती म्हणाली. मग तिने चित्र काढलं. वर झाकण, त्याच्या खाली दोन फांद्या.

"हे काय?"

"झाड. ह्याचं मूळ वर असतं."

"तुमच्यात झाडंसुद्धा उलटी?"

"आमच्यात मूळ आधी दिसतं," ती म्हणाली. "वरचा भाग काढल्याशिवाय खालचा काढायचा नाही, एवढाच नियम. असं कुठलंही झाड दिलं, तर नियम न मोडता सगळे भाग काढण्याच्या रीती किती? हा प्रश्न. मिक्सरला तीन. शंभर भागांच्या मशीनला?"

तो हसला होता. पण पुढे ती आजारी पडली आणि तिने तो प्रश्न खरंच लिहायला घेतला. मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप. प्रोग्रॅमने उत्तर दिलं की ती त्यावर विश्वास ठेवायची नाही. "हातानं मोजलेलं पाहिजे," म्हणायची. मोजायचं काम महिपतीचं. तिने कॅलेंडरच्या चिठ्ठ्या कापून दिल्या होत्या, त्यांवर भागांची नावं. एकदा सात भागांचा गिअरबॉक्स दिला. वर एक, त्याखाली दोन, त्या प्रत्येकाखाली दोन दोन. तो दोन दिवस पलंगावर चिठ्ठ्या लावत बसला आणि एकेक रीत वहीत उतरवत गेला. शेवटी म्हणाला, "एकोणऐंशी."

"ऐंशी," ती म्हणाली.

"मी मोजलेत."

"एक राहिली असेल."

त्याने वही पहिल्या पानापासून पुन्हा तपासली. एक राहिली होती. त्या दिवशी तिची तिसरी केमो होऊन चार दिवस झाले होते, तोंडात फोड आले होते, पाणी गिळवत नव्हतं. आणि डोकं थाऱ्यावर नव्हतं म्हणे!

दुसऱ्या दिवशी सकाळी वही पिशवीत टाकून तो निघाला. स्वारगेटला बस बदलून कॉलेजात पोचायला साडेदहा झाले. सबंध वाटेत तो मनातल्या मनात भांडत होता, त्यामुळे विभागाच्या दारात पोचला तेव्हा घसा आधीच कोरडा पडला होता.

स्पर्धेचं सगळं आमोदने पाहिलं होतं. आमोद पद्मजाचा विद्यार्थी आणि आता तिथेच शिकवायला. घरी पुष्कळदा यायचा. थालीपीठ आवडायचं त्याला. महिपतीला पाहून तो उठला आणि वाकायला लागला.

"राहू दे," महिपती म्हणाला. "सहाव्या प्रश्नाचं काय झालं ते दाखव."

"काका, कशाला त्रास करून घेता? झालं ते झालं. मॅडमबद्दल कोणाच्या मनात काही नाही."

"माझ्या मनात हाय ना. दाखव."

आमोदने त्याला प्रयोगशाळेत नेलं. मुलं नव्हती. संगणक सुरू करता करता त्याने सांगितलं, की प्रत्येक टीमचा प्रोग्रॅम आपोआप तपासला जातो. आपल्याकडे आधीच बनवून ठेवलेल्या उत्तरांशी जुळला तर हिरवा, नाही तर लाल. सहाव्या प्रश्नाला तेरा टीम भिडल्या. दोन हिरव्या झाल्या, अकरा लाल. त्या अकरांमध्ये सगळ्यात तगडी पोरं होती, त्यांनी तक्रार केली. तपासलं तर आपलीच उत्तरं चुकीची.

"चुकीची म्हणजे कशी?"

"मोठ्या झाडांना सगळीकडे शून्य येत होतं."

"शून्य? आणि ते आधी कुणी पाहिलं नाही?"

"उत्तरांच्या फाइली आपोआप बनतात काका. उघडून कोण बघतं?"

महिपतीने खुर्ची ओढली. कारखान्यात मशीन अडलं की तो कधी एकदम पूर्ण मशीन चालवायचा नाही. एक भाग जोडायचा, चालवायचा. दुसरा जोडायचा, चालवायचा. जिथे अडेल तिथे दोष. नवी पोरं वैतागायची, पण दोष सापडायचा.

"मला एक पंप लाव ह्याच्यात," तो म्हणाला. "फांद्या नकोत. एकाखाली एक, सरळ माळ. वरचा काढला की खालचा, तो काढला की त्याखालचा. ह्याच्या रीती किती?"

"एकच. कितीही भाग असले तरी एकच."

"मग दोन भागांची माळ दे."

आमोदने दिली. उत्तर एक.

"तीन."

एक.

"काका, असं एकेक करत—"

"चार."

आमोद मुकाट्याने आकडे देत राहिला. पाच, सहा, सात. एक, एक, एक. अकराला एक. बाराला एक.

"तेरा."

पडद्यावर शून्य आलं.

"शून्य म्हणजे काय रे?" महिपतीने विचारलं.

"म्हणजे... एकही रीत नाही."

"म्हणजे बारा भागांचा पंप उघडतो आणि तेरा भागांचा उघडतच नाही? मग एकतीस वर्षं मी काय हजामत करत होतो तिथं?"

आमोद पडद्याकडे बघत होता आणि त्याचे कान लाल होत चालले होते. मग त्याने कागद ओढला, काहीतरी गुणाकार केला आणि पेन खाली ठेवलं.

"बोल."

"काका, ह्यात आकडे भयंकर मोठे होतात. म्हणून शंभर कोटी सातने भागायचं आणि फक्त बाकी ठेवायची, असा नियम असतो. सूत्रात आधी एकपासून भागांच्या संख्येपर्यंत सगळ्यांचा गुणाकार करायचा, मग भागायचं. एक ते बारा ह्यांचा गुणाकार अठ्ठेचाळीस कोटींच्या आत आहे, तो जसाच्या तसा राहतो. तेरा घेतले की सहाशे कोटींच्या वर जातं. मग हातात बाकी राहते, खरा आकडा राहत नाही. आणि त्या बाकीला पुढे साधा भागाकार केला की सगळं चुकतं."

"अर्धं फेकून दिल्यावर उरलेल्याचे वाटे घालायला बसल्यासारखं."

"हो."

"पद्मजानं केला होता तसला भागाकार?"

आमोदने समोरचा कागद उलटा केला.

"मी विचारतोय. मशीन बिघडलं की आम्ही पहिलं हेच विचारायचो. शेवटी कोणी उघडलं होतं?"

"मॅडमच्या प्रोग्रॅममध्ये भागाकार नव्हताच," आमोद म्हणाला. "त्यांनी बेरजांचा तक्ता केला होता. सगळं बेरीज आणि गुणाकारात. पण त्यांनी दोन हजार भागांपर्यंतच मर्यादा ठेवली होती. मला वाटलं, प्रश्न सोपा होतोय, म्हणून मी एक लाख केली. मग त्यांचा प्रोग्रॅम फार हळू चालायला लागला. तेव्हा मी सूत्र वापरून नवा लिहिला. घाईत. स्पर्धा दोन दिवसांवर होती."

"आणि तिचा?"

"आहे. फाइल आहे."

"चालव."

आमोदने पद्मजाचा प्रोग्रॅम चालवला. तेराला एक. वीसला एक. दोन हजारांची माळ दिली, थोडा वेळ लागला, पण आलं. एक. महिपतीने पिशवीतून वही काढली आणि गिअरबॉक्सचं चित्र पुढे केलं. वर एक, खाली दोन, त्यांच्याखाली दोन दोन. आमोदने ते दिलं. ऐंशी.

इतका वेळ महिपतीचा आवाज ताब्यात होता. आता तो सुटला.

"अरे, मग तिचं नाव कसं लिहिलंस? हात तुझा आणि नाव तिचं? जेवलायस ना तिच्या हातचं?"

"काका, खरंच सांगतो, रविवारी मला वाटलं की मूळ पद्धतच चुकलीये. मी मागे जाऊन पाहिलंच नाही. पोरं ओरडत होती. सर म्हणाले, लगेच सूचना लावा—"

"कोणते सर?"

विभागप्रमुख अनंत सर आपल्या खोलीत होते. सदाशिव पेठेतले, बोलायला मऊ. त्यांनी महिपतीला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि आमोदने चाचरत सांगितलेलं सगळं डोळे मिटून ऐकून घेतलं.

"हं," ते म्हणाले. "म्हणजे मॅडमचं उत्तर बरोबर होतं. आनंदाची गोष्ट आहे."

"मग आनंदानं लिहा तसं. जिथं आधी लिहिलंय तिथंच."

"महिपतराव, आपण थोडा व्यवहाराने विचार करू. स्पर्धा संपली. बक्षिसं वाटून झाली. आता पुन्हा सूचना लावली की बत्तीस कॉलेजांत चर्चा. आणि आमोदची नोकरी कायम व्हायची आहे, जूनमध्ये समिती बसेल. तरुण मुलगा आहे. ह्याउलट मॅडम... म्हणजे गैरसमज करून घेऊ नका, पण त्यांना आता काय फरक पडतो?"

महिपती उभा राहिला. चहाचा कप तसाच टेबलावर.

"म्हणून टाकलंत व्हय तिच्यावर? जिता माणूस उठून बोलला असता. ही बोलणार नाही, बरी सापडली. तीन आठवडे तोंडात फोड घेऊन लिहिलाय तिनं तो प्रश्न. मी होतो शेजारी. एकेक उत्तर हातानं मोजलंय. तुमच्याकडं कुणाला फाइल उघडून बघायला होईना, आणि डोकं थाऱ्यावर नव्हतं कुणाचं? तिचं?"

"तसं कोणी म्हणालं नाही."

"सगळे तेच म्हणतायत. दया करतायत माझ्यावर फोन करून."

अनंत सरांनी हात वर केला. "आपल्या भावना मी समजू शकतो. मी सुचवू का? पुढच्या वर्षीपासून आपण 'पद्मजा घुले स्मृती करंडक' ठेवू. मोठा. आपल्या हस्ते देऊ."

"कशाबद्दल देणार? चुकीच्या उत्तराबद्दल?"

"अहो—"

"लोक विचारतील ना, ह्या बाई कोण? तर ज्यांचा प्रश्न रद्द झाला त्या. करंडक नको मला. घरात ठेवायला जागा नाही आणि पुसायलाही कोणी नाही. एक ओळ दुरुस्त करा."

अनंत सरांनी टेबलावरचा कप बाजूला सरकवला. मग आमोदला म्हणाले, "बरं. लिहा. तांत्रिक कारणामुळे सहाव्या प्रश्नाच्या उत्तरांत त्रुटी राहिली होती. मूळ प्रश्नकर्त्यांचा त्यात दोष नव्हता."

"तांत्रिक कारण म्हणजे कोण?" महिपतीने विचारलं.

"ते असं असतं, महिपतराव."

"चूक तिची होती तेव्हा कारण नव्हतं, तेव्हा नाव होतं. वडिलांनी ठेवलेलं नाव, लग्नातलं आडनाव, आणि पुढं मेल्याचंही लिहिलंत. आता एकदम तांत्रिक कारण?"

"मग काय, ह्या मुलाचं नाव टाकू? त्याचं नुकसान झालेलं चालेल तुम्हाला?"

हे महिपतीला लागलं. आमोद दाराजवळ उभा होता, खिशात हात घालावा की काढावा हे न कळल्यासारखा. पद्मजा असती तर तिने काय केलं असतं, ते महिपतीला माहीत होतं. तिने पोराला समोर बसवून चूक समजावली असती आणि बाहेर कोणाला कळू दिलं नसतं. ती तशी होती. पण ती नव्हती, आणि तिच्या वतीने उदार व्हायचा अधिकार त्याला कोणी दिला नव्हता.

"नुकसान व्हावं असं मला वाटत नाही," तो म्हणाला. "पण ते चुकवायला तिला वापरू देणार नाही. मी इथंच बसतो. तुम्ही काय लिहायचं ते ठरवा."

आणि तो खरंच बसला. पंधरा मिनिटं गेली असतील. अनंत सरांनी दोन फोन घेतले, एक सही केली, एकदा घड्याळ पाहिलं. महिपतीने मांडीवरच्या पिशवीवर हात ठेवले होते. कारखान्यात मालकाने तीनदा निरोप पाठवूनही तो मशीनजवळून हलला नव्हता, असे दिवस त्याने पाहिले होते. बसण्यात त्याला कोणी हरवू शकलं नसतं.

शेवटी आमोदच पुढे आला. "सर, मी लिहितो," म्हणाला आणि सरांच्याच संगणकावर उभ्या उभ्या टाइप करायला लागला.

"आमोद, विचार करून," सर म्हणाले.

"रविवारी केला नाही, सर. आता करतोय."

त्याने लिहिलं ते महिपतीला वाचून दाखवलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. सहाव्या प्रश्नाचं प्रा. पद्मजा घुले यांनी दिलेलं उत्तर पूर्णपणे बरोबर होतं. स्पर्धेआधी मर्यादा बदलताना मी त्यांचा प्रोग्रॅम बाजूला ठेवून नवा लिहिला आणि तो चुकीचा होता. आधीच्या सूचनेत त्यांचं नाव घेणं ही दुसरी चूक होती. खाली त्याचं नाव.

"हे पुरे आहे का, काका?"

"त्या अकरा पोरांचं काय? ज्यांना लाल दिलंत?"

आमोदने मान हलवली आणि पुन्हा प्रयोगशाळेत गेला. महिपती त्याच्यामागे. आमोदने आपल्या प्रोग्रॅममधला भागाकार काढला, जे करायला हवं होतं ते केलं, आणि दोन हजारांपर्यंतच्या पन्नास झाडांवर आपलं उत्तर पद्मजाच्या उत्तराशी ताडून पाहिलं. सगळी जुळली. मग त्याने तेराही टीमचे प्रोग्रॅम नव्याने तपासायला लावले.

एकेक ओळ बदलत गेली. लालची हिरवी. महिपती मोजत होता. चार. पाच. मधेच एक अडकली. मग तीही झाली. आठ. नऊ. अकरा. आधी हिरव्या असलेल्या दोन लाल झाल्या, त्यांनीही तसाच साधा भागाकार केला होता.

"अकरा जणांना आलं," आमोद म्हणाला. "चांगला प्रश्न होता काका. सोपा नव्हता आणि खोटाही नव्हता. मॅडमचे तसेच असायचे."

महिपतीने स्वतःच्या फोनवर पान उघडलं. जुनी सूचना गेली होती, नवी आली होती. नावाच्या आधी 'लेट' नव्हतं. ते मुद्दाम गाळलं की राहून गेलं, हे त्याने विचारलं नाही. त्याला बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. काल सकाळपासून जो राग अंगात होता, तो तसाच होता. फक्त आता त्याला करायला काम नव्हतं.

तो दारापर्यंत गेला आणि वळला.

"आमोद, तिचे अजून काही प्रश्न आहेत तुझ्याकडं?"

"आहेत ना. सात आहेत. एक अर्धवट आहे."

"कधी वापरणार?"

"ठरलं नाही. पुढच्या वर्षी एखादा."

"त्यांना हात लावायच्या आधी मला फोन करायचा."

"काका, पण तुम्हाला प्रोग्रॅम—"

"मला प्रोग्रॅम येत नाही. मोजता येतं. आकडा बदल, मर्यादा बदल, स्वल्पविराम बदल, आधी मला फोन करायचा. मी येईन. आणि तो अर्धवट आहे तो आज दे छापून."

आमोदने छापून दिला. तीन पानं होती. महिपतीने ती वहीत घातली आणि जिना उतरायला लागला. पहिल्या मजल्यावर खिडकीजवळ थांबून त्याने पहिलं पान काढलं. इंग्रजी होतं, जड होतं. खाली एक उलटं झाड होतं, त्याच्या नऊ गाठी होत्या, आणि उत्तराच्या जागी तिने प्रश्नचिन्ह टाकून ठेवलं होतं. नऊ भाग म्हणजे चिठ्ठ्या नऊच लागणार होत्या, पण रीती शेकड्यांनी निघणार होत्या. आठवडा तरी जाईल, तो मनात म्हणाला, आणि उरलेला जिना उतरून बसच्या दिशेने चालायला लागला.